पणजोबांची म्हणून ठेवलेली रिव्हॉल्व्हर : नंबरावरून साल कसं काढायचं?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. इथे जुन्या वस्तूंची जाण असलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय.

वडील मागच्या वर्षी गेले. त्यांच्या नावावर एक रिव्हॉल्व्हर होती. ते गेल्यावर ती घरात ठेवणं बेकायदा, म्हणून दिवसकार्य आटोपताच जिल्ह्याच्या गावी परवानाधारक दुकानात जमा केली. पावती माझ्याजवळ आहे. आता वारस म्हणून परवाना माझ्या नावावर करण्याचा अर्ज भरतोय. त्यात बनावट (कुणी बनवलं), बोअर (नळीच्या छिद्राचं माप) आणि क्रमांक हे तीन रकाने आहेत आणि मी तिथेच अडलोय.

घरात लहानपणापासून ऐकलेलं असं : पणजोबा ११० मराठा पलटणीत होते. मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) गेले, तिथे कुत गावाच्या वेढ्यात सापडले, तुर्कांच्या कैदेत राहिले आणि १९१९ साली परत आले. तिथल्या साहेबाने खूश होऊन ही 'वेब्ली' त्यांना दिली. दसऱ्याला शस्त्रपूजेत पाटावर ती असायचीच.

परवा दुकानात जाऊन बघितली. दुकानदारांनी रिकामी असल्याची खात्री करून, सिलिंडर (काडतुसांची घरं असलेला फिरता भाग) बाहेर काढूनच माझ्यासमोर ठेवली. सिलिंडर ज्या हातावर बाहेर झुलतो त्या हातावर आतल्या बाजूला ४१२०७ असा आकडा आहे. नळीच्या पाठीवर बारीक अक्षरांत काही तारखा आहेत, शेवटची डिसेंबर २९, १४. नेटवरच्या एका यादीत ४१ हजारांचा नंबर बघितला तर साल पहिल्या महायुद्धाच्या बरंच आधीचं निघालं. म्हणजे घरची गोष्ट जुळते.

पण लायसनच्या जुन्या पुस्तकात (आजोबांच्या नावे, पहिली नोंद १९५२) नंबर भलताच लिहिलाय, सहा आकडी, ३१२ ने सुरू होणारा. म्हणजे गेली सत्तर वर्षं परवाना एका हत्याराचा आणि घरात दुसरंच, असं तर नाही ना? रात्री झोप लागत नाही. मार्गदर्शन करा.

जुनं लोखंड

कोयनाकाठ, आधी निश्चिंत व्हा. तुमच्या लिहिण्यातच अर्धं उत्तर आहे.

पहिली गोष्ट, ही वेब्ली नाही. आपल्याकडे कुठल्याही जुन्या रिव्हॉल्व्हरला वेब्ली म्हणायची पद्धत पडली आहे, कारण साहेबाच्या कमरेला बहुतेक तीच असायची. पण वेब्ली मोडून उघडते. घोड्याजवळची कडी अंगठ्याने दाबली की नळी पुढे खाली झुकते आणि मागून चांदणी वर येऊन सहाही पुंगळ्या एकदम बाहेर फेकते. सिलिंडर डावीकडे झुलत बाहेर येतो ती अमेरिकन घडण, कोल्ट नाहीतर स्मिथ अँड वेसन.

दुसरी गोष्ट, ४१२०७ हा तिचा नंबर नाहीच. ह्या एका चुकीने जगभरातले लोक फसतात. स्मिथ अँड वेसनच्या कारखान्यात फ्रेम, हात आणि बाजूची पट्टी एकमेकांना घासून बसवायचे. पॉलिश आणि रंग होऊन आल्यावर तेच तुकडे परत एकत्र यावेत म्हणून त्यांच्यावर आतून एक जोडणीचा आकडा ठोकायचे. हत्यार जोडून झालं की त्या आकड्याचं काम संपलं. त्यावरून साल काढणं म्हणजे शिंप्याने कापडाला मारलेल्या खडूच्या खुणेवरून सदऱ्याचं वय सांगणं.

तिसरी गोष्ट, नळीवरची तारीख पेटंटची आहे, बनवल्याची नाही. पण ती कामाची आहे. डिसेंबर १९१४ चं पेटंट ज्या नळीवर छापलंय ती नळी त्याआधीची असूच शकत नाही. मग ४१ हजारांच्या यादीतलं साल कसं खरं ठरेल? तुमचे दोन पुरावे एकमेकांनाच खोडताहेत.

खरा क्रमांक मुठीच्या बुडाला असतो, दोरी अडकवायची कडी असते तिथे. पुन्हा जा आणि हे बघा : बूड, सिलिंडरचा मागचा चेहरा, नळीची खालची बाजू (सिलिंडर बाहेर काढल्यावर दिसते) आणि फ्रेमच्या वरच्या पट्टीवरची अक्षरं. आकड्याच्या आधी एखादं अक्षर आहे का ते विशेष बघा.

आणि काही झालं तरी पॉलिश पेपर, वायर ब्रश, ॲसिड ह्यातलं काहीही लावू देऊ नका. तेलात भिजवलेला मऊ दातांचा ब्रश पुरे. आकडा वाचता येत नसेल तर बॅटरी तिरपी धरा. समोरून उजेड मारला की उथळ ठसे दिसेनासे होतात.

माळावरचा

विषय निघालाच आहे तर. आमच्या मामांकडे खरी वेब्ली आहे, मोडून उघडणारी, सहा इंची नळी, चौकोनी मूठ. डाव्या अंगाला पेटंटच्या शब्दांपुढे १९१७ लिहिलंय. हेही पेटंटचं साल समजायचं का?

जुनं लोखंड

नाही, तिथे उलट आहे. ती मार्क सहा. मे १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारली, आणि तिच्या फ्रेमवर वेब्लीवाले बनवल्याचंच साल ठोकत. १९१७ म्हणजे १९१७. तिथे क्रमांकाची यादी धुंडाळायचीही गरज नाही. १९२१ ते १९२६ मध्ये तीच रिव्हॉल्व्हर एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यात बनली, तिच्यावर मुकुट, एन्फिल्ड हा शब्द आणि साल असतं. एफटीआर अशी तीन अक्षरं आणि पुढे साल दिसलं तर मात्र जपून. ती कारखान्यात झालेल्या मोठ्या दुरुस्तीची खूण, जन्माची नव्हे.

प्रत्येक कारखान्याची रीत वेगळी. म्हणून आधी घराणं ओळखायचं, मग नंबर वाचायचा.

कोयनाकाठ

आज परत जाऊन आलो. दुकानदार सज्जन आहेत, त्यांनी मागच्या खोलीत टेबलावर पांढरं फडकं अंथरून दिलं.

बूड उलटं केलं तर आधी काहीच दिसेना. कडीच्या भोवती काळा, चिकट थर बसला होता. सत्तर दसऱ्यांचं तेल, हळद-कुंकू आणि धूळ त्यात होती. दुकानदारांनी ब्रशने तो हळूहळू सोडवला. फडक्यावर आधी काळं आलं, मग चक्क लालसर. कुंकू बघून माझे डोळे भरून आले, खरं सांगतो, कारण ते आईच्या हातचं. मग बॅटरी तिरपी धरली आणि एकेक आकडा वर आला. आधी इंग्रजी व्ही, मग ३१२, पुढचे तीन आकडे इथे लिहीत नाही. लायसनच्या पुस्तकातला तोच नंबर! फक्त पुस्तकात व्ही नाही.

सिलिंडरच्या मागे आणि नळीच्या खाली तोच नंबर आहे. मुठीचं उजवं लाकूड दुकानदारांनी नेमक्या मापाचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन काढलं, आत लाकडावरही तोच.

वरच्या पट्टीवर 'युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी'. सिलिंडरच्या प्रत्येक घरावर मुकुट आणि बीएनपी अशी अक्षरं. नळीवर 'नॉट इंग्लिश मेक' आणि एक ओळ : .३८, .७६७, साडेतीन टन. नळी पाच इंच. रंग निळा-काळा नाही, राखाडी आणि खरखरीत.

टन म्हणजे काय? आणि अमेरिकन सरकारची मालमत्ता आमच्याकडे कशी? आता वेगळीच भीती वाटतेय.

जुनं लोखंड

भीतीचं कारण नाही. इतकं बोलकं हत्यार क्वचित बघायला मिळतं.

हिचं नाव व्हिक्टरी मॉडेल. व्ही म्हणजे व्हिक्टरी. मागची गोष्ट सांगण्यासारखी आहे. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा इंग्लंडने स्मिथ अँड वेसनला ९ मिलिमीटरची एक हलकी रायफल बनवायला दहा लाख डॉलर आगाऊ दिले. ती रायफल चाचणीत टिकली नाही आणि पैसे तर बरेचसे खर्च झालेले. कंपनी बुडायच्या बेताला आली. तोडगा असा निघाला की त्या पैशांच्या बदल्यात इंग्लंडच्या काडतुसाला चालतील अशा रिव्हॉल्व्हर द्यायच्या. पुढे मार्च १९४१ मध्ये लेंड-लीजचा कायदा झाला आणि अमेरिकन सरकारच्या खर्चाने त्या जायला लागल्या. कागदोपत्री माल अमेरिकेचा, वापर मित्रराष्ट्रांचा. 'युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी' हा ठसा त्यासाठी.

आता नंबर. १९४२ च्या वसंतात ह्या मॉडेलचा आकडा दहा लाखांवर पोचला. तिथे त्यांनी मोजणी थांबवून व्ही लावून एकपासून नवी सुरू केली. १९४४ च्या अखेरपर्यंत ती साधारण ७ लाख ६९ हजारांपर्यंत गेली. त्या हिशेबात ३ लाख १२ हजार म्हणजे १९४३. महिना मी सांगणार नाही. नंबर ओळीने ठोकले जात, पण हत्यारं त्याच ओळीने कारखान्याबाहेर पडत नसत.

१९४४ च्या अखेरीला काय झालं तेही लिहितो, कारण त्याचा तुमच्याशी संबंध आहे. अमेरिकन आरमारातल्या एका जहाजावर भरलेली व्हिक्टरी डेकवर पडली, घोड्यावर आपटून गोळी सुटली आणि एक खलाशी मेला. त्यानंतर कंपनीने आत नवा अडसर बसवला आणि नंबरात व्हीबरोबर एस हे अक्षर जोडलं. तुमची त्याआधीची आहे. परवाना झाल्यावर चाप-घोडा चांगल्या कारागिराकडून तपासून घ्या, आणि घोड्याखालचं घर कायम रिकामं ठेवा.

टन म्हणजे दाब. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये जास्त दाबाचं काडतूस उडवून नळी आणि सिलिंडर तपासत आणि मगच मुकुट-बीएनपीचा शिक्का मारत. .७६७ ही काडतुसाच्या पुंगळीची लांबी, इंचात. ती फार महत्त्वाची आहे, कारण .३८ स्पेशल नावाचं दुसरं काडतूस १.१५५ इंच लांब आणि अंगाने बारीक असतं. नुसतं '३८' लिहिलं तर दोन्हींत गोंधळ होतो. अर्जात '.३८ एस अँड डब्ल्यू' असं पूर्ण लिहा.

'नॉट इंग्लिश मेक' हा ठसा परदेशी हत्यारांवर १९२५ पासून पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत मारत. सैन्याच्या मालाला ह्या शिक्क्यांची गरज नसे, बाजारात विकताना लागत. म्हणजे युद्ध संपल्यावर ही सैन्यातून निघाली, बर्मिंगहॅममध्ये तपासली गेली आणि रीतसर विक्रीला आली. १९५२ ला तुमच्या आजोबांच्या पुस्तकात चढली. साखळी पूर्ण आहे, आणि चारही जागी एकच नंबर, म्हणजे भागही मूळचे. व्ही सुटला तो नोंद करणाऱ्याच्या हातून.

सातासमुद्रापार

मी अमेरिकेत असतो, म्हणून इकडची बाजू सांगतो. इथे सालाला कायद्यात फार किंमत आहे. १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार 'अँटिक', त्याला वेगळे नियम. त्यामुळे एका नंबराने किंमत आणि कायदा दोन्ही बदलतात. कोल्टची १८७३ ची सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर घ्या. पहिल्या पिढीची मोजणी १ पासून ३,५७,८५९ पर्यंत गेली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर बंद पडली. १९५६ ला परत सुरू केली तेव्हा नंबरामागे एसए लावलं. ती दोन अक्षरं कुणी घासून काढली तर नवी वस्तू जुनी म्हणून खपते, आणि असे प्रकार होतात.

इंग्लंडमध्ये आणखी निराळं. तिथे १ सप्टेंबर १९३९ च्या आधीचं असणं आणि काडतूस कालबाह्य यादीत असणं, दोन्ही लागतं.

निवृत्त टेबल

मी जिल्हाधिकारी कार्यालयात बरीच वर्षं शस्त्रपरवान्याच्या टेबलावर होतो. कोयनाकाठ, आपल्याकडे अमेरिकेसारखी सालाची रेघ नाही. आपला १९५९ चा कायदा जुनाट घडणीच्या किंवा पुराणवस्तूचं मोल असलेल्या हत्याराला सूट देतो ती एकाच अटीवर : दुरुस्त करूनही ते चालता कामा नये. तुमचं चालू आहे, म्हणून कितीही जुनं असलं तरी परवाना लागणारच.

दुसरं, सैन्याचं काडतूस घेणारी हत्यारं आपल्याकडे 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये, म्हणजे मनाई असलेल्या मापांत मोडतात. म्हणून तर आपल्या सरकारी ऑर्डनन्स कारखान्याची नागरिकांसाठीची रिव्हॉल्व्हर .३२ ची आहे. प्रोहिबिटेडचा निर्णय जिल्ह्यात होत नाही, केंद्रीय गृहखात्याकडे जातो. तेव्हा बोअरचा रकाना अंदाजाने भरू नका. चुकीचं लिहिलं की फाइल वर जाते, शेरा मारून खाली येते आणि त्यात वर्ष जातं. मी अशा फाइली पाहिल्यात, माणसं हेलपाटे घालून थकलेली पाहिलीत.

नंबराचं असं करा. दुकानदाराकडून हत्यार जमा असल्याचं आणि प्रत्यक्ष वाचलेल्या संपूर्ण नंबराचं, व्हीसकट, लेखी पत्र घ्या. जुन्या पुस्तकातल्या पानाची प्रत जोडा. 'अक्षर नोंदवायचं राहिलं आहे, पोलीस मुख्यालयातल्या आर्मररकडून (शस्त्रं तपासणाऱ्या कारागिराकडून) तपासणी करून दुरुस्ती व्हावी' असा स्वतंत्र अर्ज द्या. स्वतःहून सांगितलेली चूक ही चूकच राहते, दुसऱ्याने शोधून काढली की तिचा संशय होतो. यूआयएन नंबर (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) वडिलांच्या परवान्यावर असेल, तोही लिहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त २ हत्यारं ठेवता येतात. तुमच्या नावे आधीची काही असतील तर आत्ताच विचार करा.

आणि जुनं लोखंड म्हणाले ते कायद्यातही आहे. हत्यारावरचा नंबर किंवा खूण पुसणं, बदलणं हा गुन्हा आहे. 'जरा चकचकीत करून आणतो' म्हणणाऱ्याच्या हाती देऊ नका.

हुतात्मा चौक

नंबर किती मोलाचा असतो ह्याचं आपल्या देशातलं उदाहरण द्यायलाच हवं. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरात साँडर्सला मारलं, त्यात भगतसिंगांचं .३२ चं कोल्ट होतं. (ते ऑटोमॅटिक पिस्तूल, रिव्हॉल्व्हर नव्हे.) पुढे ते कुठे गेलं ह्याचा पत्ता नव्हता. नोंदींमधून नंबर मिळाला : १६८८९६. इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रसंग्रहात, गंज लागू नये म्हणून रंग फासलेल्या हत्यारांमध्ये तपास झाला, रंग काढल्यावर एका पिस्तुलावर तोच नंबर निघाला. लोक त्याच्यासमोरून अनेक वर्षं जात होते आणि कुणाला माहीत नव्हतं. आता ते पंजाबात हुसैनीवाला इथे आहे, जिथे भगतसिंग, सुखदेव आणि आपले खेडचे राजगुरू ह्यांचं स्मारक आहे.

रंगाखाली नंबर शाबूत होता म्हणून ते सापडलं. कुणी आधी घासलं असतं तर?

सुभेदाराची नात

मी हत्यारांतली नाही, पलटणींच्या जुन्या कागदांतली आहे. कोयनाकाठ, रिव्हॉल्व्हर १९४३ ची ठरली म्हणून पणजोबांची गोष्ट खोटी ठरत नाही, हे सांगायला लिहितेय.

११० मराठा खरोखर कुतमध्ये होती, सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये. ७ डिसेंबर १९१५ पासून जवळपास पाच महिने वेढा. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. त्याआधी तोफा फोडून टाकल्या होत्या. तिथून वाळवंटातून चालत नेलेल्या कैद्याजवळ रिव्हॉल्व्हर राहणं शक्यच नव्हतं. वस्तू नंतरची आहे, माणूस तिथलाच आहे.

घरात पदकं आहेत का? एक चांदीचं असेल, एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा माणूस. त्याची कड बघा. पहिल्या महायुद्धाच्या ह्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. तुम्हाला पणजोबांचा नंबर शोधायचा असेल तर तो तिथे आहे.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्ज निवृत्त टेबल काकांनी सांगितला तसा लिहून दिला, दुकानदारांचं पत्र जोडलं, व्हीसकट.

आजीला विचारलं. ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, पण स्मरण पक्कं. म्हणाली, "ती मामंजींची कुणी सांगितली तुला? मी लग्न होऊन आले त्याच्या आदल्या साली ह्यांनी मुंबईहून विकत आणली. रानातल्या वस्तीवर दरोडे पडायचे तेव्हा. मामंजी तर तिला हात लावायचे नाहीत." मग मामंजींचं काय आहे, विचारल्यावर तिने देवघराच्या फळीवरचा पितळी डबा काढायला लावला.

आत एक चांदीचा गोल, काळा पडलेला, फीत नाही. घोडेस्वार आहे. जुनं लोखंड म्हणाले तसं घासलं नाही, नुसत्या मऊ कापडाने पुसलं आणि खिडकीपाशी तिरपं धरून हळूहळू फिरवलं. कडेवर आधी चार आकडे, मग शिपाई हा हुद्दा, मग पणजोबांचं नाव, इंग्रजांनी ऐकलं तसं लिहिलेलं, आणि शेवटी ११०, महरट्टाज.

आम्ही त्यांना आजवर सुभेदार म्हणत होतो. आजीला वाचून दाखवलं. तिने पदक हातात घेतलं आणि बराच वेळ अंगठा त्या कडेवरून फिरवत राहिली.

येत्या दसऱ्याला पाटावर तेही मांडणार आहे. ताई, ह्या नंबरावरून पलटणीच्या नोंदीत आणखी काही मिळेल का? कुठे आणि कसा अर्ज करायचा?

सुभेदाराची नात

मिळू शकेल. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला आहे, सुरुवात तिथून करा. नंबर, हुद्दा आणि पलटण कडेवर आहे त्याच स्पेलिंगने लिहा, नाव सुधारू नका. कडेचे फोटो तीन-चार कोनांतून काढून जोडा. पत्राचा मसुदा मी उद्या इथेच टाकते.